लॉजच्या दाराबाहेर : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात फ्रीमेसनरीच्या, म्हणजे गवंड्याच्या अवजारांतून चांगलं वागणं शिकवणाऱ्या जुन्या बंधुसंघटनेच्या, मूल्यांवर लिहिलं. तिच्या सभासदाला मेसन आणि स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. त्यानंतर आलेल्या पत्रांत इतिहासाबद्दल विचारणारे थोडे होते; घर, नोकरी आणि शेजार यांबद्दल विचारणारे जास्त. मला याचा आनंद झाला. बंधुभाव, मदत आणि सत्य ही तीन तत्त्वं लॉजमध्ये शिकवतात, पण ती वापरायची वेळ येते बाहेर. मी आयुष्यभर बांधकामांवर अभियंता म्हणून राबलो आणि लॉजमध्ये बरीच वर्षं आल्मनर होतो. आजारी आणि अडचणीतल्या सभासदांची, तसंच गेलेल्या सभासदांच्या कुटुंबांची विचारपूस करणं हे आल्मनरचं काम. उत्तरं त्याच अनुभवावरून देतो आहे. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे पती काही वर्षांपूर्वी फ्रीमेसन झाले. सभेहून आले की बंधुभावाबद्दल भरभरून बोलतात. सुट्टीचा प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या सेवाकार्याला जातो. घरात सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्या खोलीत मात्र ते दाराशी उभे राहून दोन शब्द बोलतात आणि निघतात. मी काही म्हटलं की उत्तर येतं, "तुला त्यातलं कळणार नाही." मला कळण्यासारखं त्यात खरंच काही नाही का?

उत्तर : ताई, जे कळायला हवं ते तुम्हाला नीट कळलेलं आहे.

नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी जी अवजारं दाखवतात त्यांत २४ इंची मोजपट्टी असते. गवंडी तिने दगड मोजतो. मेसनने तिने दिवसाचे २४ तास मोजायचे. काही भाग ईश्वरचिंतनाला, काही कामधंद्याला आणि विश्रांतीला, काही अडल्यानडलेल्याच्या मदतीला. या शेवटच्या भागाला एक अट जोडलेली आहे आणि ती तुमच्या यजमानांनी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे : ही मदत स्वतःचं आणि आपल्या कुटुंबाचं नुकसान होऊ न देता करायची.

ही अट कुणी मागाहून घातलेली नाही. जेम्स अँडरसन नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने लंडनच्या ग्रँड लॉजसाठी, म्हणजे लॉजांवरच्या मुख्य संस्थेसाठी, नियमांचं पुस्तक तयार केलं, ते १७२३ मध्ये छापलं गेलं. जगभरच्या मेसनांचं ते मूळ पुस्तक. त्यात घरी आणि शेजारात कसं वागावं यावर स्वतंत्र कलम आहे. लॉजची वेळ संपल्यावर रेंगाळू नका, घरापासून फार वेळ दूर राहू नका, खाण्यापिण्यात अतिरेक करू नका, म्हणजे घरच्यांची आबाळ होणार नाही आणि तुमचीही कामाची ताकद जाणार नाही, असा त्याचा आशय. तीनशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवावं लागलं, त्या अर्थी तुमची तक्रार बरीच जुनी असावी. ते पान यजमानांना वाचायला द्या. भांडणात नको, निवांत वेळी.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, कारण आल्मनर म्हणून अनेक घरांत मी हे पाहिलं आहे. सार्वजनिक सेवेला सुरुवात असते, शेवट असतो आणि शेवटी कुणीतरी आभार मानतं. आईच्या आजारपणाला यातलं काहीच नसतं. आजारी माणसाच्या खोलीत काय करायचं हे कित्येक पुरुषांना कुणी कधी शिकवलेलंच नसतं, म्हणून ते दाराशी थांबतात. त्यांच्यात माया नाही असं समजू नका. पण "जरा आईंकडे लक्ष द्या" असं म्हणून काही होणार नाही. एक काम पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. समजा, रात्रीची औषधं. ती संपत आली की आणणं, वेळेवर देणं, शंका आली तर डॉक्टरांना विचारणं, सगळं त्यांचं. त्यात तुम्ही हात घालू नका, आठवणही करू नका. औषध देताना माणूस आपोआप खाटेवर बसतो, आणि बसला की बोलतो.

दुसरं, लॉजच्या आल्मनरला तुम्ही स्वतः फोन करू शकता. सभासदांच्या घरच्यांची अडचण हे त्याचं पहिलं काम आहे. घरी मदतनीस कशी मिळवायची, आजाऱ्याची खाट किंवा चाकाची खुर्ची कुठून आणायची, हे त्याला ठाऊक असतं. नसेल तर तो माहिती काढतो. यजमानांची तक्रार केली असं यात काही नाही.

आणि "तुला कळणार नाही" याबद्दल. लॉजमध्ये खासगी ठेवतात त्या एकमेकांना ओळखण्याच्या खुणा आणि शब्द. चांगलं वागण्याची शिकवण कधीच गुप्त नव्हती. ती बायकोला कळणार नाही असं म्हणणारा नवरा स्वतःच ती विसरला आहे, एवढं त्यांना माझ्या नावाने सांगा.

प्रश्न : मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. आमच्या लॉजमधल्या एका ज्येष्ठ बंधूंनी पुरवठ्याच्या निविदेत भाग घेतला आहे. परवा ते म्हणाले, "आपण बंधू आहोत, लक्ष असू द्या." मी गप्प राहिलो. आता काय करू?

उत्तर : गप्प राहिलात म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही, पण गप्पच राहिलात तर ते त्याचा अर्थ होकार असा घेतील. म्हणून आधी वरिष्ठांना लेखी कळवा की या पुरवठादाराशी तुमची ओळख आहे आणि दोघं एकाच लॉजचे सभासद आहात. निर्णयाच्या समितीतून बाजूला होण्याची तयारी त्याच पत्रात लिहा. मग त्या बंधूंना सांगा : "ब्रदर, आपली ओळख मी ऑफिसात कळवली आहे. निविदेचा निकाल लागेपर्यंत या विषयावर आपण बोलायला नको." एवढं पुरे. स्पष्टीकरण लांबवलं की वाटाघाट सुरू होते.

या प्रश्नावर आमच्याच जुन्या पुस्तकातली एक जागा लोक हमखास पुढे करतात, म्हणून तिच्याबद्दल प्रामाणिकपणे लिहितो. १७२३ च्या नियमांत असं आहे खरं, की परगावाहून आलेल्या गरजू बंधूला काम द्यावं किंवा त्याची शिफारस करावी, आणि सारख्याच परिस्थितीतल्या गरिबांपैकी चांगल्या, सचोटीच्या बंधूला आधी मदत करावी. पण हे नीट वाचा. तिथे कुवतीपलीकडे काही करू नका असंही म्हटलं आहे. गोष्ट चालली आहे ती उपाशी माणसाची आणि तुमच्या स्वतःच्या खिशाची. कंपनीचा पैसा तुमचा खिसा नव्हे आणि निविदा भरणारा व्यापारी उपाशी नाही. त्याच पुस्तकात दुसरीकडे लिहिलं आहे की मेसनांमध्ये बढती मिळेल ती खऱ्या योग्यतेवर आणि गुणांवरच. शिवाय देशाचा कायदा पाळायचा, हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावतात. लॉजमधला शब्द त्याच्यावर नाही.

माझ्या कामावरही एकदा माझ्याच लॉजमधला कंत्राटदार आला होता. मी त्याच्या कामाचं मोजमाप दुसऱ्या अभियंत्याकडून घ्यायला लावलं आणि बिलावर सही केली नाही. त्याला ते लागलं, काही दिवस तो तुटक वागला. मोजमाप झालं, काम चोख निघालं, बिल पूर्ण मंजूर झालं. पुढे त्या इमारतीबद्दल कुणी काही बोलायला लागलं की सर्वांत आधी तोच ती गोष्ट सांगायचा. ओळंबा भिंतीला लावतो तेव्हा भिंत कुणी बांधली हे आपण विचारत नाही, आणि चांगल्या गवंड्याला त्याची भीतीही नसते.

प्रश्न : सभासद झालो तर धंद्याला ओळखी मिळतील का?

उत्तर : या कारणासाठी येऊ नका. अर्ज करणाऱ्याला पैशाच्या किंवा लाभाच्या हेतूने येत नाही असं जाहीर करावं लागतं. म्हणजे तुमची सुरुवातच खोट्या वचनाने होईल. ओळखींसाठी व्यापारी संघटना आहेत आणि त्या ते काम उत्तम करतात.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळात काही मेसन आहेत, काही नाहीत. आम्ही वस्तूंचं वाटप करतो. सुरुवातीला खूप लोक यायचे, आता ज्यांना खरी गरज आहे तेच येत नाहीत. कुठे चुकतं आहे?

उत्तर : पत्राबरोबर तुम्ही छायाचित्रं पाठवली आहेत. त्यांतच उत्तर आहे. टेबलाच्या एका बाजूला तुम्ही उभे, दुसऱ्या बाजूला रांग, वर तुमच्या मंडळाचा फलक आणि समोर कॅमेरा. ज्याच्या घरात दोन महिने पगार आलेला नाही पण शेजाऱ्यांना अजून ते कळलेलं नाही, तो माणूस या चित्रात उभा राहणार नाही. खरी गरज बहुतेक वेळा याच माणसाला असते.

मेसनरीत दीक्षा घेणाऱ्याच्या अंगावरचे पैसे आणि धातूच्या वस्तू आधी काढून ठेवतात. मग भर सभेत त्याच्याकडे गरिबांसाठी काहीतरी दे म्हणून मागतात. त्याच्याकडे काहीच नसतं. सगळ्यांसमोर रिकाम्या हातांनी उभं राहणं म्हणजे काय हे त्याला त्या क्षणी कळतं. मग त्याला सांगतात, असा माणूस भेटला तर हा क्षण आठव. हा भाग छापील पुस्तकांतून फार पूर्वीच बाहेर आलेला आहे, म्हणून लिहायला संकोच नाही. माझ्या मते सगळ्या विधीतला सर्वांत मोलाचा भाग हाच. देणाऱ्याने आधी घेणाऱ्याच्या जागी उभं राहायचं. तुमच्या वाटपात नेमकं हेच राहून गेलं आहे.

आल्मनरचं काम कसं चालतं ते सांगतो, त्यातलं उचलता येईल ते उचला. आम्ही घरी जातो, तेही एकटे, फार तर दोघं. आधी फोन करतो आणि त्यांना सोयीची वेळ विचारतो. कुठलंही चिन्ह लावून जात नाही. पहिल्या भेटीत पैशाचा विषय आपण काढत नाही. तब्येत, मुलांची शाळा, जुने दिवस यांवर बोलतो, आणि गरज काय आहे ती बोलता बोलता समोर येते. पुष्कळदा ती आपण समजलो होतो ती नसतेच.

एका सभासदाच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीला मी भेटायला जात होतो. लॉजने मदतनिधी तयार ठेवला होता. त्यांना पैशाची अडचण नव्हती. घरातले सगळे व्यवहार पती बघायचे. बँकेची खाती कुठे आहेत, विम्याची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत, कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज कसा भरायचा, यातलं त्यांना काहीही माहीत नव्हतं, आणि मुलांना विचारायची लाज वाटत होती. आम्ही दोघांनी टेबलावर कागद पसरून यादी केली. मी एकाही कागदावर स्वतः लिहिलं नाही. अर्ज त्यांनीच भरले, मी शेजारी बसून रकाने समजावले. बँकेतही त्या पुढे आणि मी मागे. काही महिन्यांनी त्यांनी मला विचारलं, की अशाच अडचणीत सापडलेली आणखी कुणी असेल तर तिच्याकडे मी जाऊ का? पुढे कित्येक घरांत त्या माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडल्या, कारण त्या स्वतः तिथून गेलेल्या होत्या. मदत घेणारा उद्या मदत देऊ शकेल अशी जागा तुमच्या कामात ठेवा. लॉजमध्ये सगळे एका पातळीवर भेटतात म्हणतात, ती पातळी इथे तपासायची.

सांत्वनाला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर जा, हेही सांगून ठेवतो. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फोन वाजायचे थांबतात.

मोठ्या संस्थाही अशाच एखाद्या नेमक्या गरजेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. लंडनमध्ये बार्थोलोम्यू रुस्पिनी नावाचे दंतवैद्य होते. गरीब झालेल्या किंवा मरण पावलेल्या मेसनांच्या मुलींचं पुढे काय होतं हे पाहून त्यांनी १७८८ मध्ये त्यांच्यासाठी शाळा काढली. ती आजही चालू आहे. अमेरिकेत श्राइनर नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेसनांनी १९२२ मध्ये श्रीव्हपोर्ट इथे मुलांसाठी पहिलं रुग्णालय उघडलं. पोलिओने मुलांचे हातपाय वाकडे होत होते आणि शस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्यात नव्हती. मूल कुणाचं, बाप सभासद आहे की नाही, हे तिथे विचारलं जात नव्हतं. इंग्लंडमध्ये एसेक्सच्या मेसनांनी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात कापडी अस्वलं देऊन ठेवायला सुरुवात केली. घाबरलेल्या मुलाला नर्स ते अस्वल देते, आधी अस्वलाला पट्टी बांधून दाखवते, मग मुलाला. ही कल्पना मला फार आवडते. देणारा तिथे हजरच नसतो. अस्वल नर्सच्या हातून जातं आणि मुलाचं होऊन जातं.

तेव्हा फलक आणि कॅमेरा आधी बंद करा. वर्गणीदारांना हिशोब हवा असतो, तो जरूर द्या, अगदी पैशापैशाचा आणि तपासलेला. हिशोब देण्यासाठी कुणाचा चेहरा लागत नाही.

प्रश्न : मी स्त्री आहे. समतेच्या गोष्टी करायच्या आणि दार मात्र निम्म्या जगाला बंद, हे मला पटत नाही. तरी तुमचा लेख वाचून त्यातलं काही घ्यावंसं वाटलं. सभासद न होता ते जमेल का?

उत्तर : तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि मी त्याच्यावर सारवासारव करणार नाही. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची परंपरा मानणारी लॉजं फक्त पुरुषांची आहेत, माझंही तसंच आहे. पण सगळी मेसनरी तशी नाही. फ्रान्समधल्या एका लॉजने १८८२ मध्ये मारिया दरेम यांना दीक्षा दिली. १८९३ मध्ये त्यांनी आणि जॉर्ज मार्तँ यांनी पॅरिसमध्ये स्त्री-पुरुष दोघांना सारखा प्रवेश देणारी 'ल द्रुआ उमँ' ही संस्था स्थापन केली. पुढे ॲनी बेझंट तिच्या मोठ्या कार्यकर्त्या झाल्या. फक्त स्त्रियांची लॉजंही आहेत.

आणि बंद दाराबाहेर राहिलेल्यांनी ही तत्त्वं आतल्यांपेक्षा जास्त नेटाने पाळल्याचं उदाहरण आहे. प्रिन्स हॉल हे बॉस्टनचे कृष्णवर्णीय गृहस्थ. तिथल्या गोऱ्यांच्या लॉजांनी त्यांना आपलं मानलं नाही. १७७५ मध्ये ब्रिटिश सैन्याबरोबर आलेल्या एका लॉजने त्यांना आणि आणखी १४ जणांना दीक्षा दिली, आणि १७८४ मध्ये त्यांच्या आफ्रिकन लॉजला लंडनहून सनद मंजूर झाली. त्या माणसाने सनद भिंतीवर लावून समाधान मानलं नाही. कृष्णवर्णीय मुलांना शिक्षण मिळावं म्हणून १७८७ मध्ये त्यांनी विधिमंडळाकडे अर्ज केला. पुढच्याच वर्षी बॉस्टनमधून काही स्वतंत्र कृष्णवर्णीयांना गुलाम म्हणून विकायला पळवून नेलं, तेव्हा त्यांनी पुन्हा अर्ज केला. पळवलेली माणसं परत आली. प्रिन्स हॉल यांच्या परंपरेतल्या लॉजांना अनेक गोऱ्या ग्रँड लॉजांची मान्यता मिळायला मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडली. त्या दोनशे वर्षांत पातळी कुणी पाळली आणि कुणी नाही, हे उघड आहे.

सभासद न होता काय घ्यावं? माझा सल्ला एकच. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी आहे. एरवी कायम एकमेकांपासून दूर राहिली असती अशा माणसांमध्ये खरी मैत्री व्हावी, हा हेतू अँडरसनच्या पुस्तकात सुरुवातीलाच सांगितला आहे. तुमच्या इमारतीची समिती असेल, शाळेचा पालकसंघ असेल, रक्तदानाचा गट असेल, तिथे हा नियम लागू करून बघा. ज्यांची मतं तुम्हाला सहन होत नाहीत अशा एखाद्या व्यक्तीबरोबर मुद्दाम काम वाटून घ्या, आणि कामापुरतं का होईना, तिचं पूर्ण ऐकून घ्या. हे सोपं नाही. मला अजूनही कष्ट पडतात. पण याच सवयीने मला माझे सर्वांत जवळचे दोन मित्र दिले, आणि मतदानाच्या बाबतीत आमचं आजही एकमत नाही.

प्रश्न : गुडघ्यांमुळे मला आता लॉजला जाता येत नाही. वय झालं. वर्गणी भरतो, बाकी काही करू शकत नाही. आता सभासद राहून काय उपयोग?

उत्तर : काका, प्रत्येक आल्मनरकडे एक यादी असते आणि ती नेहमी त्याच्या वेळेपेक्षा मोठी असते. एकटे राहणारे ज्येष्ठ सभासद, पत्नी गेलेले, परगावी मुलाकडे राहायला गेलेले आणि तिथे कुणाला न ओळखणारे. त्यांना कुणीतरी फोन करायला हवा असतो, आणि तरुण आल्मनर केला तरी पाच मिनिटांत आटोपतो, कारण त्याला ऑफिस असतं. तुमच्याकडे वेळ आहे, आणि त्यांच्या काळातली माणसं तुम्हाला माहीत आहेत.

आल्मनरला फोन करून यादीतली चार-पाच नावं मागून घ्या. प्रत्येकाचा वार ठरवून घ्या, म्हणजे ते वाट बघतील आणि तुम्हालाही टाळता येणार नाही. एक वही ठेवा : कुणाची कोणती तपासणी आहे, कुणाच्या नातीची परीक्षा कधी आहे. पुढच्या वेळी तिथूनच बोलायला सुरुवात करा. ऐकायला कमी येत असेल तर सकाळी करा, संध्याकाळी घराघरांत आवाज वाढलेले असतात. कुणी लागोपाठ दोनदा फोन उचलला नाही, तर त्याच दिवशी आल्मनरला कळवा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.